‘गॅजेट’ पुतळ्यातून नाही, जहाजातून आलं

‘गॅजेट शब्द कुठून आला माहितीये?’ हा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय. आता तो भाचीच्या शाळेतल्या भाषणात शिरलाय, तेव्हा एकदाचं लिहून टाकतो. दावा असा: न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा पॅरिसच्या ‘गाझे, गोतिए आणि कंपनी’ने घडवला. १८८६ साली अनावरणाच्या वेळी कंपनीने स्वतःचं नाव घातलेल्या छोट्या प्रतिकृती विकल्या. अमेरिकनांनी ‘गाझे’चं ‘गॅजेट’ केलं.

कंपनी खरी, हे मान्य. तिच्याच कारखान्यात लाकडी साच्यांवर जेमतेम अडीच मिलिमीटर जाडीचे तांब्याचे पत्रे ठोकून पुतळा घडला. प्रतिकृतीही विकल्या गेल्या. पण त्या अमेरिकेतल्या समितीने, चबुतऱ्याच्या वर्गणीसाठी. सहा इंची मूर्ती एक डॉलर, बारा इंची पाच डॉलर.

आता तारखा बघा. अनावरण २८ ऑक्टोबर १८८६चं. ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश ‘गॅजेट’साठी ज्या पुस्तकाचा दाखला देतो, तेही १८८६चंच: रॉबर्ट ब्राउन यांचं ‘स्पनयार्न अँड स्पिनड्रिफ्ट’, चीनच्या चहाची ने-आण करणाऱ्या जहाजावरच्या पोऱ्याची हकीकत. त्यात तो सांगतो की एखाद्या वस्तूचं नाव ऐन वेळी आठवलं नाही, की खलाशी तिला ‘चिकन-फिक्सिंग’, ‘गॅजेट’, ‘गिल-गाय’, ‘टिमी-नॉगी’ नाहीतर ‘विम-वॉम’ म्हणतात. म्हणजे शब्द खलाशांच्या तोंडी आधीच रुळलेला होता. ऑक्टोबरअखेर न्यूयॉर्कात जन्मून डिसेंबरच्या आत तो चहाच्या जहाजावर रुळला आणि पुस्तकात छापूनही आला, हे कुणाला पटेल?

पण खरा घोळ अर्थाचा आहे. गॅजेट म्हणजे शोभेची आठवणवस्तू नव्हेच. ‘अगं, ते हे दे ना, झाकण उघडायचं’ यातलं ‘ते हे’ म्हणजे गॅजेट! नाव आठवत नाही किंवा घ्यायचं नाही, अशी करामतीची वस्तू. १९४५ साली अमेरिकेतल्या लॉस अ‍ॅलामोस प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी १६ जुलैला चाचणी घेतलेल्या पहिल्या अणुबॉम्बलाही ‘द गॅजेट’च म्हटलं होतं. हातातल्या चकचकीत यंत्राचा अर्थ मागाहून चिकटला.

बरं, शब्द फ्रेंच आडनावाचा, तर फ्रेंचांनी तो विसाव्या शतकात इंग्रजीतून उसना का घ्यावा? ‘गाझे’च्या स्पेलिंगमधला (Gaget) शेवटचा ‘ट’ ते उच्चारत नाहीत, ‘गॅजेट’मधला मात्र उच्चारतात. कुलपाच्या खिटीला किंवा बंदुकीच्या चापाला फ्रेंचमध्ये ‘गाशेत’ म्हणतात, त्याच्याशी नातं असेल असं काही कोशकार सुचवतात. तेवढं फ्रेंचपण फार तर देऊन टाकू. पक्की व्युत्पत्ती कोशातही नाही.

काही फॉरवर्डांना शेपूट असतं, की सरकारी ‘गॅझेट’ही यातूनच आलं. नाही हो! ते व्हेनिसच्या ‘गाझेटा’ नावाच्या नाण्यावरून. आरक्षणाच्या बातम्यांतलं ‘हैदराबाद गॅझेट’ त्या कुळातलं.

भाषणात १८८६ ठेवायचंच असेल तर ठेवा, फक्त पुतळा काढून तिथे जहाज घाला.