सोपा ते मध्यम

त्या सायकलवाटेच्या माहितीपुढे ‘सोपा ते मध्यम’ असं ज्याने कुणी लिहिलं, त्याला एकदा समोर बसवून विचारायचं होतं, की बाबा रे, सोपा कुणाला आणि मध्यम कशाच्या मानाने?

आम्ही पाच जण निघालो होतो. पाच सायकली, पाच वयं आणि दहापैकी सात चालू गुडघे. सगळ्यांना झेपेल असा रस्ता शोधायचं काम माझ्याकडे आलं. मी प्रत्येकाला ‘तुला कितपत जमेल?’ असं विचारत सुटलो, ही पहिली चूक. मेहुणा म्हणाला, ‘माझं काय हो दाजी, आपलं टाइमपास.’ हा माणूस टाइमपास म्हणून शंभर किलोमीटर चालवतो आणि घरी येऊन पंखे पुसतो. बायको म्हणाली, ‘बघू, जमेल तेवढं.’ ती असं म्हणते तेव्हा तिला सगळं जमतं आणि मला नाही, हा आजवरचा अनुभव. सासऱ्यांनी नुकतीच बॅटरीवरची सायकल घेतली होती. ‘जावईबापू, माझी काळजी सोडा, स्वतःची करा,’ ते म्हणाले. नऊ वर्षांची पुतणी म्हणाली, ‘मी सगळ्यांत फास्ट.’ पाचांत ती एकटीच खरं बोलत होती.

मी स्वतःपुढे ‘मध्यम’ लिहिलं. पंधरा वर्षांपूर्वी जे जमत होतं आणि आज जे जमेल असं वाटतं, त्याची सरासरी.

मोटारींच्या शेजारून सायकल चालवायला आम्ही सगळेच टरकतो, म्हणून वाहनमुक्त आणि खडीची वाट हवी होती. वाचता वाचता कळलं, की अशा वाटांत सगळ्यांत सुखाच्या त्या बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवरच्या. लोखंडी रुळावर लोखंडी चाकाची पकड बेताची, इंजिनाला उभा चढ झेपत नाही. त्यामुळे त्या काळच्या लोकांनी डोंगर फोडले, बोगदे काढले, पण चढ सहसा टक्का-दोन टक्क्यांच्या वर जाऊ दिला नाही. अमेरिकेच्या मिझुरी राज्यातली कॅटी ट्रेल अशीच, जवळजवळ 380 किलोमीटरची. तिथल्या गाड्या 1986 साली बंद पडल्या आणि 1990 साली पहिला टप्पा सायकलींना खुला झाला. न्यूझीलंडमधली ओटागो सेंट्रल रेल ट्रेल दीडशे किलोमीटरच्या आसपास. हे वाचून मला फार धीर आला. वाफेचं इंजिन जो चढ चढत होतं, तो मी का नाही चढणार? धापा आम्ही दोघंही टाकतो. फरक एवढाच, की त्याच्यात कोळसा घालायला वेगळा माणूस असे.

आमच्या वाटेचेही पहिले चौदा किलोमीटर जुन्या रुळांच्या जागेवरून होते. पुढचे अकरा जंगलातून. हे ‘पुढचे’ मी जरा भरभर वाचले.

निघायच्या आधीच अपमानाला सुरुवात झाली. आदल्या रात्री मी टायर दगडासारखे फुगवून ठेवले होते. मेहुण्याने अंगठ्याने दाबून पाहिलं आणि म्हणाला, ‘दाजी, हवा काढा.’ लग्नापासून तो माझी हवा काढतोच आहे, पण व्हॉल्व्हमधून पहिल्यांदाच. त्याचं म्हणणं खरं होतं. डांबरी रस्त्यावर 25 मिलिमीटरचा बारका टायर 90 पीएसआयला (हे हवेच्या दाबाचं माप) छान पळतो. खडीसाठीचा 40 मिलिमीटरचा टायर मात्र 35-40 वर ठेवतात, म्हणजे दगड आला की सायकल उडण्याऐवजी टायर दबतो. फारच कमी ठेवली तर ट्यूब दगड आणि रिम यांच्यात चिमटते आणि साप चावल्यासारखी शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. मी आपला साठवर थांबलो. थोडा मान त्याचा, थोडा माझा. हाडं मात्र सगळी माझीच होती.

रेल्वेचा भाग खरोखर सुंदर. बारीक खडी दाबून बसवलेली, चाकाखाली कुरकुर असा आवाज, दोन्ही बाजूंना झाडं. पुतणी गाणी म्हणत होती, मीही एक कडवं म्हटलं. अडचण फक्त फाटकांची. मोटारसायकली आत शिरू नयेत म्हणून दर काही अंतरावर नागमोडी लोखंडी फाटक. सासऱ्यांची सायकल चोवीस किलोची, हँडल चांगलं ऐसपैस. फाटकाला तिचा मोटारसायकलीइतकाच संशय. अशी चार फाटकं आली आणि चारही वेळा ती मी आणि मेहुण्याने उचलून पलीकडे दिली. सासरे मागून ‘सांभाळून, सांभाळून’ म्हणत होते, अर्थात सायकलीला. चौथ्या फाटकाच्या पलीकडे पाटी होती : ‘ही वाट सर्वांसाठी खुली आहे.’ तीनचाकी सायकल किंवा हाताने चालवायची सायकल घेऊन कुणी एकटा आला असता, तर ही पाटी त्याला वाचायलाच मिळाली नसती. वाटेची प्रतवारी करताना चढ मोजतात, खड्डे मोजतात, फाटकं मात्र कुणीच मोजत नाही.

मग जंगल लागलं.

जॉन मॅकॅडम नावाचे एक स्कॉटिश गृहस्थ होऊन गेले. रस्त्याला सहा औंसांपेक्षा, म्हणजे साधारण 170 ग्रॅमपेक्षा, जड दगड वापरायचा नाही, असा त्यांचा दंडक होता. फोडलेली कोनदार खडी एकमेकीत अडकून घट्ट बसते, मोठे गोटे चाकाखालून निसटतात. या जंगलात मॅकॅडमसाहेबांचं नाव कुणी ऐकलेलं नसावं. शिवाय लाकूड वाहणारे ट्रक आठवडाभर याच रस्त्याने जातात. वाहनमुक्त तो फक्त रविवारी. त्यांनी रस्त्यावर पत्र्यासारख्या वळ्या पाडून ठेवल्या होत्या. 2007 साली काही शास्त्रज्ञांनी वाळूवर चाक गोल गोल फिरवून दाखवलं, की एका ठरावीक वेगाच्या वर गेलं की अशा वळ्या आपोआप पडतात. त्या वेगाखाली रस्ता सपाट राहतो. म्हणजे माझ्यापासून त्या रस्त्याला कसलाही धोका नव्हता.

चढ सुरू झाला. पेडलवर उभं राहिलं, की मागच्या चाकावरचा भार कमी होऊन ते जागीच फिरायचं. बसून रेटलं, की गुडघे बोलायचे. मेहुणा पुढे जाऊन झाडाखाली थांबे. आम्ही तिथे पोचलो रे पोचलो, की म्हणे, ‘आले सगळे? चला!’ त्याची विश्रांती भरपेट झालेली, माझी पानावर बसायच्या आत पंगत उठलेली. असं चार वेळा झालं.

‘वाहनमुक्त’ या शब्दाचा पुरता अर्थ मला अठराव्या किलोमीटरला कळला. अंगावर येणारं वाहन नाही, हे खरं. पण मग उचलून घरी नेणारंही नाही.

उतारावर बायको ओरडली, ‘पुढचा ब्रेक दाबू नकोस!’ सूचना योग्य होती, फक्त माझ्या बोटांना ती उलट ऐकू आली. सुट्या खडीवर पुढचं चाक सरकलं आणि मी सायकलीसकट रस्त्याच्या कडेला विसावलो. पुतणी परत फिरून आली.

‘काका, तू पडलास की थांबलास?’

‘थांबलो.’

‘बरं,’ म्हणाली आणि कोपराला चिकटलेली खडी वेचून द्यायला लागली. एकूण सात निघाले. एकही सहा औंसांच्या वर नव्हता.

शेवटच्या चढाला सासऱ्यांची बॅटरी संपली. सपाट रस्त्यावरही ते सगळा वेळ ‘टर्बो’ लावून चालले होते, कारण ते बटण निळं चमकतं. मग चोवीस किलोचं ते धूड ढकलत ते आणि माझी ढकलत मी, असे आम्ही सासरे-जावई बरोबरीने चालत निघालो. लग्नानंतर आमचं इतकं सविस्तर बोलणं कधी झालं नव्हतं. त्यांच्या प्रत्येक वाक्यानंतर आम्ही दोघंही दम घेत होतो, त्यामुळे कुणी कुणाला मध्येच तोडलं नाही. ‘तुमच्या सासूबाईंना सांगू नका,’ ते म्हणाले. ‘मी आहे कुठे सांगायला,’ मी म्हणालो.

वरती पोचलो तेव्हा मेहुणा गवतावर आडवा पडला होता. त्याने विचारलं, ‘काय दाजी, कसा होता रस्ता?’ बायको बघत होती, पुतणी बघत होती, सासरे दुसरीकडे बघत होते.

‘ठीक होता,’ मी म्हणालो. ‘तसा सोपाच.’

रात्री कोपराला मलम लावून बसलो असताना फोनवर निरोप आला : आजच्या वाटेबद्दल इतर सायकलस्वारांना सांगा. खाली पर्याय होते. मी क्षणभर ‘अवघड’वर बोट धरलं. पण त्या अॅपवर आपलं नाव दिसतं, आणि मेहुणाही तिथे आहे. मी ‘सोपा ते मध्यम’ दाबलं आणि दिवा मालवला.