रस्सा थंड झाला, तुमच्या फोटोंपायी!
पुण्याहून २३० किलोमीटर गाडी हाणत शनिवारी कोल्हापूर गाठायचं, ते कशाला? तर ताट आलं की ‘थांबा, कुणी हात लावू नका!’ हे ऐकायला. आधी वरून फोटो, मग बाजूने, मग वाफेचा व्हिडिओ. तोवर वाफ संपलेली, पांढऱ्या रश्श्यावर चरबीची साय धरलेली, तांबड्याचा तवंग वाटीच्या कडेला चिकटलेला. अरे, रस्सा गरम गरम ओरपायचा असतो, मॉडेलिंगला नसतो आणलेला! वर एक महाभाग वाढप्याला विचारतो, ‘दादा, कमी तिखट मिळेल?’ मग आलास कशाला बाबा?

या सगळ्यात पन्हाळ्यावर पोचेपर्यंत अंधार. तीन दरवाजा मी अजून उजेडात पाहिलेला नाही. रंकाळ्यावर मात्र सगळे वेळेत हजर. भेळेचे फोटो काढायला.