जुना डिजिटल रिव्हर्ब आणि ‘ऊब’: फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

मुंबईत मिक्सिंग करणाऱ्यांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय. माझ्याकडेच तो तिघांकडून आला. म्हणणं असं: जुन्या डिजिटल रिव्हर्बमध्ये (आवाजाला खोलीसारखा घुमारा देणाऱ्या मशीनमध्ये) बिट, म्हणजे आवाज मोजण्याची बारकाई, कमी, म्हणून आवाजात ऊब येते, प्लगइनला (कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरला) ते कधीच जमत नाही, घ्यायचं तर लेक्सिकॉन ४८०एलच घ्या, बाकी सगळं भंगार, आणि एकदा घेतलं की ती बँकेतली ठेव समजा. हे वाचून अंधेरीतला माझा एक तरुण मित्र कर्ज काढायला निघाला. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी ऊब. बिट कमी झाले की शेपटीत, म्हणजे विरत जाणाऱ्या घुमाऱ्यात, खरखर वाढते, ऊब नाही. कानाला जे ऊबदार वाटतं ते म्हणजे वरच्या, तीक्ष्ण फ्रिक्वेन्सी कापल्या जाणं. १९७८ च्या लेक्सिकॉन २२४ चा सॅम्पलिंग रेट (सेकंदाला आवाज किती वेळा मोजला जातो तो आकडा) इतका कमी की त्याच्या रिव्हर्बमध्ये १० किलोहर्ट्झच्या वर काही उरतच नाही. यामाहा एसपीएक्स९० चा रेट ३१.२५ किलोहर्ट्झ, त्यामुळे तो १२ किलोहर्ट्झपाशी थांबतो. आणि १९८६ चा ४८०एल? ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झ, १८ बिटचे कन्व्हर्टर (आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करणारं सर्किट), वरचा भाग जवळजवळ पूर्ण. मेसेज ज्या गुणासाठी हे मशीन घ्या म्हणतो, तो गुण त्या मशीनचा नाहीच.

कापलेल्या वरच्या भागाचा आपल्या गाण्यांना फायदा होतो, हे मात्र खरं. भावगीतात शब्द आधी पोचला पाहिजे. ‘सांज’, ‘चांदणं’, ‘शपथ’ अशा शब्दांतले स, च, श झगझगीत रिव्हर्बमध्ये गेले की मागे फवारा उडत राहतो. शेपटी गडद असली की गायिका जवळ राहते आणि खोली तिच्या मागे उभी राहते. त्यासाठी हातात असलेल्या कुठल्याही रिव्हर्बच्या रिटर्नवर (परत येणाऱ्या घुमाऱ्यावर) ८ किलोहर्ट्झला हाय-कट (त्यावरचं कापणारा फिल्टर) लावा, ३०-४० मिलिसेकंद प्री-डिले (घुमारा सुरू होण्याआधीची उसंत) द्या आणि ऐका. अर्धी ‘ऊब’ तिथेच सापडते.

उरलेली अर्धी मॉड्युलेशनमध्ये, म्हणजे घुमारा सतत हलता ठेवण्यात आहे, आणि मेसेजमध्ये नेमका त्याचाच उल्लेख नाही. त्या काळी मेमरी महाग होती. थोड्याच डिले लाइनवर (आवाज क्षणभर धरून परत सोडणाऱ्या रांगांवर) शेपटी उभी करायची तर ती पत्र्यासारखी वाजणार. म्हणून लेक्सिकॉनच्या मंडळींनी त्या डिलेच्या वेळा सतत हळूहळू हलत्या ठेवल्या. ४८०एलच्या रँडम हॉल या प्रोग्रामचं सौंदर्य या हलण्यातच आहे.

इथे ‘प्लगइनला जमत नाही’ या दाव्यातलं तथ्य कळतं. इम्पल्स रिस्पॉन्सवर (मशीनमध्ये एक टिचकी सोडून नोंदवलेल्या घुमाऱ्यावर) चालणारा प्लगइन मशीनच्या एका क्षणाचा फोटो काढतो. हलणाऱ्या गोष्टीचा फोटो हलत नाही. तसे प्लगइन ऐकून ज्यांनी नाक मुरडलं ते चुकले नव्हते. पण डिजिटल रिव्हर्ब म्हणजे शेवटी गणित. तेच गणित लिहिलेला प्लगइन तसाच हलतो, आणि २२४ च्या मूळ अल्गोरिदमवरचा प्लगइन विकत मिळतो. फरक उरतो तो कन्व्हर्टर आणि अॅनालॉग सर्किटचा. शेपटी एकटी ऐकली तर तो कळतो. खाली ढोलकी, तबला आणि बासरी चालू असताना तो कर्ज काढण्याइतका मोठा आहे का, हे ज्याने त्याने दोन्हींच्या आवाजाची पातळी जुळवून, डोळे मिटून ठरवावं.

‘बाकी भंगार’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं. हलगीवर एसपीएक्स९० ची आखूड, दाणेदार ‘रूम’ रिव्हर्ब लावून पाहा. एएमएस आरएमएक्स१६ या रिव्हर्बचा नॉनलिन प्रोग्राम घ्या: शेपटी विरत न जाता एकदम तुटते, त्यामुळे ढोलकीची थाप मोठी होते आणि पुढची थाप मोकळी राहते. मोठा हॉल हे काम करत नाही. ख्यालाच्या द्रुत तानेवर तर तीन सेकंदांची शेपटी, मग ती कितीही महागड्या मशीनची असो, स्वर एकमेकांत कालवून टाकते.

राहिली ठेव. मी जपानहून आलेलं एक जुनं युनिट घेतलं होतं. विकणाऱ्याने व्होल्टेजचा विषयही काढला नाही, आणि मी पाठीमागची पट्टी नीट वाचली नाही. ते १०० व्होल्टचं होतं. सहज मिळाला म्हणून ११० व्होल्टचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावला. युनिट नेहमी तापायचं आणि दुसऱ्या पावसाळ्यात पॉवर सप्लाय गेला. दुरुस्तीला चार महिने लागले. आतले कपॅसिटर चाळीस वर्षांचे असतात, मेमरीची बॅटरी संपली की साठवलेले प्रोग्राम जातात, खास बनवलेली चिप जळली तर दुसऱ्या मेलेल्या युनिटमधून काढावी लागते. समुद्राकाठच्या दमट हवेत कनेक्टरवर गंज चढतो तो वेगळाच. शिवाय इंटरफेसचे (कॉम्प्युटरला आवाज जोडणाऱ्या पेटीचे) एक आउट आणि दोन इन कायमचे अडकतात, आणि गाणं जितकं लांब तितका वेळ बसून रिटर्न रेकॉर्ड करावा लागतो. अशा वस्तूला ठेव म्हणवत नाही.

मित्र रविवारी त्याचं गाणं घेऊन येतोय. हाय-कट, प्री-डिले, हलणारा हॉल, सगळं त्याच्याच मिक्सवर ऐकवणार आहे. त्यानंतरही त्याला मशीनच हवं असेल, तर बरोबर १०० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर बनवून घ्यायला मी त्याच्यासोबत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाईन.