सही करायला यांचे हात का थरथरतात?

काल दुपारी ऑफिसातल्या मैत्रिणीनं मोबाइल माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "हे तुझंच अक्षर ना गं?"

माझंच होतं. निळ्या शाईतली दोन पानं, खाली माझी सही, माझा मोबाइल नंबर, आणि सोबत बँकेच्या मंजुरीपत्राचं पहिलं पान. कोथरूडच्या ज्या फ्लॅटसाठी मी मालक काकांना सोमवारी लेखी ऑफर दिली, तोच फ्लॅट तिच्या मावसदिरालाही दाखवला होता आणि एजंटनं त्याला हे फोटो पाठवले होते. खाली मेसेज: "सर, 97 ची लेखी ऑफर हातात आहे. तुम्ही 1 कोटी म्हणा, उद्या टोकन करून टाकू."

मला किती कर्ज मंजूर झालंय, हे आता त्या माणसाला माहीत आहे. माझा पगार किती हे तो त्यावरून काढू शकतो. आणखी किती जणांना ते फोटो गेले असतील, देव जाणे. मी एजंटला तिथल्या तिथे फोन लावला. त्याचा आवाज जरासुद्धा खाली आला नाही. "मॅडम, मार्केटमध्ये असंच चालतं. तुम्ही पण थोडं वर या ना, मी काकांशी बोलतो." माफी नाही, चूक झाली नाही, काही नाही. वर मलाच वर या म्हणतोय!

ते पत्र मी कसं लिहिलं होतं ते ऐका. रविवारी दिवसभर बसले होते. भाव 97 लाख. मूळ करारनाम्यात लिहिलेला 640 चौरस फूट कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, एजंटच्या तोंडचा 900 नाही. एक झाकलेलं पार्किंग, सोसायटीनं दिलेल्या पत्रासह. ताबा देईपर्यंतचा मेंटेनन्स, महापालिकेचा मिळकत कर आणि महावितरणचं बिल त्यांनी भरायचं. त्यांच्या कर्जाची शिल्लक किती, ते त्यांच्या बँकेकडून लेखी आणायचं. माझा वकील तीस वर्षांचा सर्च, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींचा शोध, घेणार. टोकन 1 लाख, चेकनं. टायटलमध्ये खोट निघाली किंवा बँकेनं फ्लॅट नाकारला तर परत. तीस दिवसांत नोंदणीकृत करारनामा. ही ऑफर सात दिवसांसाठी. आणि शेवटी दोन सह्यांच्या जागा, एक माझी, एक त्यांची. यात जगावेगळं मी काय मागितलं होतं? आयुष्यभराची कमाई आणि वर वीस वर्षांचे हप्ते ज्यात जाणार, त्या व्यवहाराचा एक साधा कागद.

काकांनी पत्र हातात घेतलं, चष्मा लावला आणि न वाचताच टीपॉयवर ठेवलं. "अहो, हे कशाला? तुम्ही तर घरच्याच. आमच्या शब्दाला किंमत आहे." काकूंनी पोहे आणले. "आमच्यावर विश्वास नाही का?" हेही झालं. मी म्हटलं, विश्वास आहे म्हणूनच लिहून देतेय, तुम्हीही त्याखाली सही करा. तर म्हणे, मुलाला विचारतो, तो बंगळुरूला असतो. मुलाचा रात्री फोन आला. माझ्या नवऱ्याला. "सही केली की उद्या कोर्टकचेरी मागे लागते, आम्हाला त्यात पडायचं नाही."

म्हणजे मुलाला सगळं पक्कं ठाऊक आहे. दोन्ही बाजूंनी सह्या झाल्या की 1872 च्या करार कायद्यानं तो करार होतो, आणि स्पेसिफिक रिलीफ कायद्याच्या 2018 च्या दुरुस्तीनंतर विकणाऱ्यानं हात झटकले तर ठरलेला व्यवहार पुरा करून मागायचा घेणाऱ्याचा हक्क आणखी भक्कम झालाय. तेच नकोय त्यांना. शब्द फिरवायची मोकळीक हवी आहे, आणि त्या मोकळिकीला विश्वास हे नाव द्यायचं. विश्वास नाही का, असं विचारून समोरच्यालाच ओशाळवाणं करायचं. मला खरंच ओशाळल्यासारखं झालं होतं त्या दिवशी, याचा मला आज जास्त राग येतोय. पोहे खाऊन मी पत्र तिथेच ठेवून आले, मंजुरीपत्रासकट. "राहू द्या, मुलाला पाठवतो," म्हणाले. पाठवलंच की.

आणि नवऱ्याला फोन का? फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर व्हायचाय. पत्र माझं, सही माझी, कर्ज माझं. महाराष्ट्रात 2021 पासून सगळे खरेदीदार स्त्रियाच असतील तर घराच्या मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे. पुण्यात 7 टक्क्यांऐवजी 6. 97 लाखांवर ते 97,000 रुपये होतात, म्हणून आम्ही दोघांनी ठरवूनच माझं एकटीचं नाव घातलं. हे मी एजंटला पहिल्या दिवशी सांगितलं. तरी प्रत्येक फोन "साहेब आहेत का?" नवरा तीनदा त्याला म्हणाला, बायकोशी बोला. चौथ्यांदा पुन्हा त्यालाच फोन. साहेब घरात नसतील तर बाईला भाव कळत नाही, ही समजूत या धंद्यात इतकी घट्ट बसलीय की आता बोलून तोंड दुखतं.

हा सोळावा फ्लॅट होता. मार्चपासून गणपतीपर्यंत आमचा एकही शनिवार-रविवार घरात गेलेला नाही.

लेखी म्हटलं की यांना फक्त आमची सही आठवते. जूनमध्ये बाणेरला एका नव्या प्रकल्पाच्या साइट ऑफिसात गेलो होतो. "आजचा भाव आज रात्री बारापर्यंत, मॅडम, फॉर्म भरून टाका." अकरा पानांचा अर्ज, प्रत्येक पानावर अर्जदाराची सही. कंपनीच्या सहीची जागा कुठेच नाही. आम्ही रद्द केलं तर कापणार, त्यांनी नकाशा बदलला तर आमची हरकत नाही असं आम्हीच आधी लिहून द्यायचं. मी वाचायला मागितला तर पोरगा म्हणतो, "स्टँडर्ड आहे मॅडम, कोणी वाचत नाही." मी वाचला. दीड तास बसून वाचला. तिथे एसीत बसलेल्या तीन माणसांनी माझ्याकडे असं बघितलं की मी काहीतरी चोरतेय. रेरा या बांधकाम प्रकल्पांसाठीच्या कायद्याच्या कलम 13 नुसार नोंदणीकृत करारनाम्याशिवाय बिल्डरला 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ते 20 टक्के मागत होते. महारेरानं, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणानं, 2022 मध्ये वाटपपत्राचा (अलॉटमेंट लेटरचा) नमुना ठरवून दिला, त्यात पत्र दिल्यापासून 15 दिवसांत रद्द केलं तर एक पैसाही कापायचा नाही असं आहे. मी हे म्हटलं तर "मॅडम, तुम्ही वकील आहात का?" नाही. मी वकील नाही. वाचता येतं मला.

2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्वच्छ सांगितलं की बिल्डरच्या करारातल्या एकतर्फी अटी ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. तरी अकरा पानं तशीच.

पण निदान नव्या घराला एक कायदा आहे, एक नमुना आहे, तक्रार करायला एक दार आहे. जुन्या घराला काय? रीसेलमध्ये दोन खासगी माणसांचा व्यवहार, रेरा त्यात येत नाही. महारेरानं 2023 पासून एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा लावली, तीसुद्धा नोंदणी झालेल्या प्रकल्पांतल्या विक्रीसाठी. कोथरूडच्या तीस वर्षं जुन्या सोसायटीतला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट दाखवणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. तो दोन्हीकडून एकेक टक्का घेणार, म्हणजे माझ्याकडूनही 97,000, आणि माझेच कागद माझ्याविरुद्ध फिरवणार. त्याला मी पैसे देणार होते! सवलतीत वाचलेले सगळेच्या सगळे!

माझी आतेबहीण न्यू जर्सीत एडिसनला असते. तिनं घर घेतलं तेव्हा पहिल्याच दिवशी लेखी ऑफर दिली. विकणाऱ्यानं त्यावर सही केली, मग तीन कामाच्या दिवसांत दोघांच्या वकिलांनी कागद तपासले आणि इसाऱ्याची रक्कम तिसऱ्याकडे, वेगळ्या खात्यात राहिली. तिला तिथे कुणी विचारलं नाही, आमच्यावर विश्वास नाही का म्हणून. तिथलं सगळं चांगलं असं मला म्हणायचं नाही, तिनंही तीन घरं गमावली जास्त भाव देणाऱ्यांपायी. पण हो म्हटलं तर हो लिहायचं, नाही तर नाही म्हणायचं, एवढं तरी होतं. इथे टोकनची पावती मागितली तर एका काकांनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर "मिळाले" असं लिहून दिलं होतं. कुणाकडून, कशासाठी, किती, काही नाही. तो सातवा फ्लॅट. तो चेक मी परत घेतला.

नवव्या फ्लॅटवाल्यांना तीस लाख रोख हवे होते. लेखी ऑफरमध्ये फक्त 65 लिहा म्हणाले, बाकीचं "आपसात". स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20,000 किंवा जास्त रक्कम रोखीनं घ्यायला 2015 पासून बंदी आहे, घेतली तर घेणाऱ्याला तितकाच दंड. मी हे म्हटलं तर त्या बाई हसल्या. माझ्याकडे तीस लाख रोख येणार कुठून? दरमहा खात्यात पगार जमा होतो, त्यातून कर आधीच कापलेला असतो. आम्ही पगारदार माणसांनी घर घ्यायचंच नाही का?

अकराव्या ठिकाणी सगळं जुळलं होतं, तर सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, ट्रान्सफरला दोन लाख "ऐच्छिक" देणगी द्यावी लागेल. हस्तांतरणाच्या प्रीमियमची कमाल मर्यादा 25,000 आहे. लिहून द्या म्हटलं की दोन लाख हवेत, तर लिहून देईनात. इथेही तेच. मागताना तोंडी, घेताना तोंडी, आणि आमच्याकडून मात्र प्रत्येक कागदावर सही, फोटो, पॅन, आधार.

या काकांनी आधीच पंधरा दिवस घालवले होते. गणपती उठले त्याच आठवड्यात भाव ठरला, हातात हात दिला. मग म्हणाले, पितृपक्षात लिखापढी नको, घट बसले की करू. मी मान दिला. माझ्या सासूबाईंनीही तेच सांगितलं असतं, त्यामुळे मी एका शब्दानं बोलले नाही. त्या पंधरा दिवसांत आम्ही दुसरं एकही घर बघितलं नाही, कारण शब्द दिला होता. कर्वेनगरचा एक चांगला फ्लॅट त्याच दिवसांत गेला. सकाळी ऊन येणारं स्वयंपाकघर होतं तिथे. आणि याच पंधरवड्यात काकांच्या दारात रोज नवी माणसं फ्लॅट बघून जात होती, हे मला काल त्या मावसदिराकडून कळलं. सही पितृपक्षात चालत नाही, गिऱ्हाईक चालतं.

रात्री मी काकांना फोन केला. मला त्यांच्याकडून ऐकायचं होतं. एजंटनं परस्पर केलं असेल, त्यांना माहीत नसेल, असं मनात कुठेतरी अजून वाटत होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाळ, तीन लाख काही कमी नसतात."

मी ऐकतच राहिले. दुसरी काही उत्तरं मी तयार ठेवली होती, ती सगळी तशीच राहिली. या माणसानं मला घरचीच म्हटलं होतं. खिडकीतलं चाफ्याचं झाड दाखवून म्हणाला होता, हे तोडू नका हं. मी शब्द दिला होता, तोडणार नाही. माझी मुलगी त्या झाडाचं चित्र काढून बसलीय, ते फ्रिजवर लावलंय. ते काढून ठेवायचं आज कुणाला सुचलं नाही, मलाही नाही.

तीन लाखांत माझा शब्द, त्यांचा शब्द आणि माझं अक्षर, तिन्ही विकलं त्यांनी. जास्त भाव हवा असेल तर मागावा ना! पहिल्या दिवशी 1 कोटी म्हणाले असते तर मी नमस्कार करून निघाले असते आणि मनात काही राहिलं नसतं. घर त्यांचं आहे, किंमत त्यांनी ठरवावी. पण माझा कागद बाजारात मांडून नाही. माझ्या कर्जाचा आकडा चार अनोळखी मोबाइलांवर टाकून नाही.

सात दिवसांची मुदत सोमवारी संपते, तोपर्यंत मी थांबणार नव्हते. समोरच्यानं सही केलेली नसेल तर ऑफर कधीही मागे घेता येते. आज सकाळी ती लेखी मागे घेतली, स्पीड पोस्टानं, एक प्रत काकांना, एक मुलाला ईमेलवर. पत्र आणि मंजुरीपत्र परत मागितलंय, फोटो कुणाकुणाला पाठवले त्यांची नावं मागितली आहेत. एजंटलाही तेच लिहिलं. त्यानं निळी खूण होईपर्यंत वाचलं आणि अर्ध्या तासानं नवऱ्याला फोन केला, "साहेब, मॅडम जरा चिडल्यात वाटतं. डहाणूकर कॉलनीत एक छान टू बीएचके आलाय." नवऱ्यानं फोन माझ्या हातात दिला. मी त्याला सांगितलं, आधी माझ्या कागदांचं लेखी उत्तर, मगच पुढचं बोलणं. त्यानं फोन ठेवला.

उद्या साडेदहाला सहकारनगरला सतरावा फ्लॅट बघायचाय, थेट मालकांशी, मध्ये कुणी नाही. पत्राची नवी प्रत लिहून झाली. बँकेचा कागद यावेळी सोबत देणार नाही, वाचायला दाखवून परत घेणार. आणि त्यांच्या सहीची जागा माझ्या सहीच्या वर घेतली आहे. त्यांनी आधी करायची, मग मी.