संकराचा जोम दर पिढीला निम्मा होत नाही

गोरेगाव-जोगेश्वरीच्या तबेल्यांपासून परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या पोरांपर्यंत एक फॉरवर्ड फिरतोय: ‘संकराचा जोम पहिल्या पिढीपुरता. पुढे दर पिढीला निम्मा होत संपतो, वासरं तितरबितर निघतात; संमिश्र जात ही थाप. करायचीच तर एक भारी वळू पुरे.’ संकराचा जोम म्हणजे दोन वेगळ्या जातींच्या मिलाफातून वासराला मिळणारी जास्तीची ताकद; संमिश्र जात म्हणजे ठरावीक प्रमाणात जाती मिसळून पुढे आपसातच वाढवलेली जात. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल-वळूंच्या कत्तलीलाही बंदी आहे, तेव्हा मांसासाठी अशी जात इथे कुणी करणार नाही. पण फ्रीजवालसारख्या (होल्स्टीन फ्रिजियन आणि साहिवाल) दुधाळ संकरालाही हेच गणित लागतं.

जोम घटतो, पण एकदाच. ब्रँगस ही मांसाची संमिश्र जात घ्या: ५/८ अँगस, ३/८ ब्राह्मन. (ब्राह्मन स्वतःच संमिश्र; आपल्या गीर, कांकरेज, ओंगोल, कृष्णा खोऱ्याच्या गुरांतून अमेरिकेत घडलेला.) आपसात भरवल्यावर वासराला दोन्हीकडून एकाच जातीचा जनुक मिळण्याची शक्यता ५/८×५/८ अधिक ३/८×३/८, म्हणजे ३४/६४. उरले ३०/६४, वेगवेगळ्या जातींचे; जोम त्यांतूनच येतो: पहिल्या पिढीच्या जोमातला ४७ टक्के. पुढच्या पिढीत रक्ताचं प्रमाण तेच, म्हणून उत्तरही तेच. चार जाती समान घेतल्या तर ७५ टक्के टिकतो. अमेरिकेत नेब्रास्कात घडवलेली मार्क थ्री ही जात अशीच: हिअरफर्ड, अँगस, रेड पोल, पिंझगाउअर.

आता ५/८ आणायचे कसे? ब्राह्मन-अँगसची निम्म्या-निम्म्या रक्ताची कालवड पुन्हा अँगसला भरवायची. वासरू ३/४ अँगस. त्यातला वळू निम्म्या-निम्म्या रक्ताच्या गाईवर सोडला की ५/८. तिथून पुढे आपसातच. बिघडतं ते इथे: ‘अजून थोडं सुधारू’ म्हणत ३/४ वर पुन्हा अँगस घातला की ७/८ होतं, आणि ज्या उन्हासाठी, गोचिडासाठी ब्राह्मन घेतला तो काटकपणाच जातो.

वासरं तितरबितर? रंग आणि शिंगं वेगवेगळी निघतात, ती छाटणीने (नको ती जनावरं पैदाशीतून काढून) आवरतात. वजनात तसं फारसं होत नाही.

‘एक वळू पुरे’ हा मात्र घातक सल्ला. त्याचा मुलगा त्याच्याच मुलींना लावला, आया वेगळ्या असल्या तरी, वासरात १२.५ टक्के अंतःप्रजनन (नात्यातल्या जनावरांची पैदास) होतं आणि राखलेला जोम त्यातच खर्ची पडतो. दर पिढीला २५ वळू वापरले तर अंतःप्रजननाची वाढ पिढीमागे अर्ध्या टक्क्याच्या आसपास राहते. सांता गर्ट्रुडिस या संमिश्र जातीच्या ‘मंकी’ या मूळ वळूचा दाखला देणारे, ती जिथे घडली त्या टेक्सासमधल्या किंग रँचचा अवाढव्य कळप आणि तिथली छाटणी विसरतात. वीस गाई असतील तर जात घडवायला जाऊ नये. तयार जातीचा वळू बाहेरून आणावा आणि त्याच्या मुली माजावर यायच्या आत बदलावा.