स्वस्त उपचार म्हणजे दुय्यम उपचार? एका फॉरवर्डला उत्तर

सेवाभावी दवाखान्यांविरुद्धचा एक मजकूर फॅमिली ग्रुपपासून सोसायटीच्या ग्रुपपर्यंत सगळीकडे फिरतो आहे. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: गरिबांसाठीच्या या दवाखान्यांत अर्धशिक्षित बायका इंजेक्शनं देतात, औषधं हलकी वापरतात, आता पाच लाखांचं सरकारी कार्ड आल्यामुळे त्यांची गरज उरलेली नाही, आणि अशा संस्थांमुळेच सरकार अंग काढून घेतं.

पहिला मुद्दा. बायका इंजेक्शनं देतात, हे खरं आहे. पण कोणतं, कधी आणि कोणाच्या देखरेखीखाली, हे मजकूर लिहिणाऱ्याने सांगितलेलं नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ नंतर ३९ गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचं काम सुरू केलं. गावातलीच, जेमतेम शाळा शिकलेली बाई आरोग्यदूत झाली. ती बाळंतिणीच्या घरी जाते, आधी साबणाने हात धुते, बाळाला झोळीच्या काट्यावर तोलते, ताप बघते आणि पूर्ण मिनिटभर श्वास मोजते. साठ किंवा त्याहून जास्त भरले तर सावध होते. जंतुदोषाची ठरलेली लक्षणं जुळली की आधी सांगते, बाळाला दवाखान्यात न्या. घरचे नेत नसतील, तर त्यांच्या संमतीने जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन देते. नोंदी वहीत असतात आणि दर पंधरवड्याला डॉक्टर येऊन त्या तपासत.

१९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याचे निष्कर्ष आले. तिसऱ्या वर्षी, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. जंतुदोष झालेल्या बाळांपैकी दगावणाऱ्यांचं प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ वर आलं. यालाच कोणी हलका उपचार म्हणत असेल, तर भारी उपचार कशाला म्हणायचं ते त्याने सांगावं. त्या बाळाच्या आईपुढे बालरोगतज्ज्ञ की आरोग्यदूत, असा प्रश्न नव्हताच. आरोग्यदूत किंवा कोणीच नाही, एवढंच होतं.

हा एकटादुकटा दाखलाही नाही. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये गेले. त्यांनी घडवलेल्या ग्रामआरोग्य सेविकांपैकी कित्येक जणी निरक्षर होत्या, अनेक दलित वस्तीतल्या होत्या. तिथे दर हजारी १७६ असलेला बालमृत्यूचा दर पुढच्या काही दशकांत पंचविशीच्या आसपास आला.

औषधांचं म्हणाल तर उत्तर छोटं आहे. गोळीतला घटक तोच असतो. ब्रँडच्या किमतीत जाहिरात, एमआरच्या (कंपनीच्या औषध प्रतिनिधीच्या) डॉक्टरांकडच्या फेऱ्या आणि विक्रेत्यांचं कमिशन मिळवलेलं असतं. बडोद्याची ‘लोकॉस्ट’ ही ना-नफा संस्था १९८३ पासून अशा दवाखान्यांना औषधं पुरवते आहे. जेनेरिकचा, म्हणजे ब्रँडच्या नावाशिवाय विकल्या जाणाऱ्या औषधाचा, दर्जा तपासायलाच हवा, पण ब्रँडचाही तितकाच तपासावा.

आता कार्ड. आयुष्मान योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आहे, आणि मोठ्या शस्त्रक्रियेच्या वेळी त्याचा खरोखर आधार होतो. पण ते मुळात दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे. रक्तदाबाची रोजची गोळी, मधुमेहाची तपासणी, लेकराचा खोकला, गरोदर बाईची नेहमीची तपासणी, हे सगळं ओपीडीत होतं आणि तिथे कार्ड चालत नाही. देशाच्या आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के रक्कम लोक स्वतःच्या खिशातून भरतात, हा २०२१-२२ चा सरकारी हिशेब आहे. रोज मजुरीवर जाणाऱ्या माणसाला पाच लाखांच्या आधी महिन्याची गोळी परवडायला हवी. पक्षाघात होऊन दाखल व्हायची वेळच येऊ नये, हे काम वस्तीजवळचा स्वस्त दवाखाना करतो.

एक राग मात्र रास्त आहे. शहरांतल्या काही मोठ्या ट्रस्ट रुग्णालयांत गरिबाला दाद मिळत नाही. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बलांना सवलतीत द्यायच्या असतात. तो हक्क मागायलाच हवा. पण त्या रुग्णालयांवरचा राग आदिवासी पट्ट्यातल्या किंवा झोपडपट्टीतल्या छोट्या दवाखान्यावर काढणं अन्यायाचं आहे.

राहिला सरकारचा मुद्दा, आणि तो तर नेमका उलटा आहे. संस्थांनी गावात करून दाखवलं म्हणून सरकारला मागे हटता आलं नाही. २००५ मध्ये आशा योजना आली, तेव्हा गावातल्याच बाईला आरोग्याचं काम देण्याचा अनुभव जामखेडसारख्या ठिकाणी आधीच पक्का झाला होता. नवजात बाळाच्या घरी भेटी देण्याची गडचिरोलीची पद्धत २०११ पासून देशभरातल्या आशांच्या कामात आली. अंग काढून घेतल्याचा जाब विचारायचाच असेल, तर तो या आशांच्या वतीने विचारावा. कबूल केलेल्या मानधनवाढीचा शासन निर्णय निघावा म्हणून महाराष्ट्रातल्या आशांना २०२४ च्या सुरुवातीला संपावर जावं लागलं होतं.