काका, मी वेळेवरच पोचले होते

काका, नमस्कार.

एकटीनं प्रवास करताना तीनदा विमान चुकता चुकता राहिलं, हे मी माझ्या लेखात लिहिलं. त्यावर तुम्ही म्हणालात, "मी ३५ वर्षं रेल्वेत काढली, एकही गाडी चुकली नाही. घरून तीन तास आधी निघालं की असं होत नाही. हलगर्जीपणाला धाडस म्हणू नका. आणि सोबत नसेल तर बायकांनी निघूच नये." तुम्ही काळजीपोटी लिहिलंत हे कळतं, म्हणून सविस्तर उत्तर देते.

पहिल्या वेळी चूक माझीच होती. अनंत चतुर्दशीची रात्र आणि पहाटेचं ६.२० चं विमान. मी इंदूरच्या रामबागेत वाढलेली. गिरण्या बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी हुकमचंद मिल, मालवा मिलच्या झांक्या, म्हणजे रोषणाईचे चित्ररथ, रात्रभर निघतात, जेल रोड, राजवाडा, जवाहर मार्ग माणसांनी भरलेले असतात, हे मला कुणी सांगायला नको होतं. तरी ४ ला निघाले, एरवी अर्ध्या तासाची तर वाट. रिक्षावाल्यानं मरीमातेकडून वळसा घालून ५.१७ ला पोचवलं. सामान घेणारी खिडकी साधारण ६० मिनिटं आधी बंद होते, म्हणजे माझ्या हातात तीन मिनिटं उरली होती. इथे तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर.

पण दुसरी वेळ बघा. दिल्लीहून परतत होते. अडीच तास आधी आत गेले, गेट शोधलं आणि समोरच्याच खुर्चीत बसले. तीन तासांचा तुमचा नियम मी जवळजवळ पाळलाच होता. तेवढ्यात गेट बदललं. रेल्वेत फलाट बदलला तर लाउडस्पीकरवर पुन्हा पुन्हा सांगतात, झोपलेला माणूसही उठतो. मोठ्या विमानतळांवर आता बोर्डिंगची घोषणा बहुधा होतच नाही, पाटीकडे आपणच बघत राहायचं. मोबाइलवर निरोप येतो, पण तिकीट मुलानं काढलेलं, नंबर त्याचा. निरोप पुण्यात त्याच्या फोनवर गेला आणि तो मीटिंगमध्ये होता. मी मधे बॅग घेऊन स्वच्छतागृहात गेले, कारण बॅग एकटी ठेवली की बेवारस ठरते. रांगेत वेळ गेला. परत आले तर आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या. त्या रिकाम्या खुर्च्यांनीच मला जागं केलं. नवं गेट गाठलं तेव्हा दार बंद व्हायला दोन-तीन मिनिटं होती. दार विमान सुटण्याच्या वेळेला नाही, २५ मिनिटं आधी बंद होतं. तिकिटावर छापलेली वेळ म्हणजे गाडी हलण्याची वेळ, असं आपण रेल्वेच्या सवयीनं धरून चालतो, तिथेच फसगत होते.

काका, यात हलगर्जीपणा कुठे होता? सोबत कुणी असतं तर म्हणालं असतं, "तू जाऊन ये, मी बॅगेपाशी थांबते, पाटीवरही लक्ष ठेवते." एवढंच. एकटीला ही दोन्ही कामं एकाच वेळी करावी लागतात आणि ती आधी कुणी शिकवलेली नसतात. म्हणून तो लेख लिहिला. त्यात अभिमान नव्हता.

तिसरी वेळ मुंबईची, थोडक्यात सांगते. स्वस्त पडतं म्हणून दोन वेगळी तिकिटं काढली होती. उतरले टी-१ म्हणजे टर्मिनल एकला, पुढचं विमान टी-२ वरून. दोन्हींच्या मधे शहराचा रस्ता, म्हणजे सामान घ्या, बाहेर पडा, टॅक्सी करा, पुन्हा सुरक्षा तपासणी. दोन्ही प्रवास एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगमध्ये असते तर पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरं चुकलं तरी पुढे नेण्याची जबाबदारी कंपनीची. वेगळ्या तिकिटांत ती आपली. हे शिकायला मला एक घामाघूम दुपार लागली.

आता शेवटचं वाक्य. "सोबत नसेल तर निघू नये." माझ्या आईनं हे आयुष्यभर पाळलं. तिच्या थोरल्या बहिणीचं नागपूरला शेवटचं दुखणं होतं. "सोबत मिळाली की जाते," म्हणत आई तीन आठवडे थांबली. सोबत मिळाली तेव्हा तेराव्याला पोचली. ती हे कुणाला बोलून दाखवत नसे, पण दर वर्षी त्या तिथीला जेवत नसे. आपल्या किती घरांत अशा बायका आहेत, आठवून बघा. माझी बहीण बंगळूरला असते, तिचं डायलिसिस सुरू आहे. मुलाला रजा मिळेपर्यंत मी थांबू शकत नाही, काका, आणि थांबणारही नाही.

येत्या नवरात्रात पुन्हा जायचं आहे. बिजासन टेकडीची जत्रा विमानतळाच्या वाटेवरच भरते, म्हणून या खेपेला तुमचे तीन तास पाळून निघेन. तिकीट मी स्वतः काढलं आहे, थेट इंदूर-बंगळूर, आणि त्यावर नंबर माझा आहे.